काळा शर्ट कुणाच्या खिशातून?

प्रिय,

शिफ्ट सुपरवायझर झालास, छान. पहिल्याच आठवड्यात पोशाखाची भानगड तुझ्या गळ्यात पडली याचं मला नवल वाटलं नाही. जिथे पगार कमी, तिथे अंगावर काय घालायचं याचे नियम जास्त.

काउंटरवरच्या मुलीच्या मनगटावरचा टॅटू चालवून घ्यावा का, असं विचारलंस. चालव. स्टारबक्सने 2014 मध्ये टॅटू दिसू दिले, पार्सल पोहोचवणाऱ्या यूपीएस कंपनीने 2020 मध्ये दाढीवरची बंदी उठवली, डिस्नेच्या थीम पार्कनी 2021 मध्ये टॅटूला हरकत घेणं सोडलं. तुझा मॅनेजर कुरकुरला तर हे सांग. मशीनजवळ मोकळे केस, लोंबती कानातली, घसरणारे बूट, यांत मात्र तडजोड नाही.

टॅटू आणि डोक्यावरचा हिजाब मात्र एका मापाने मोजू नकोस. 2008 मध्ये अमेरिकेत ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीने एका मुस्लिम मुलीला नोकरी नाकारली. ‘लूक पॉलिसी’त डोक्यावर काही घालायला मनाई होती, आणि ती मुलाखतीला हिजाब घालून आली होती. धर्मासाठी सवलत हवी का, हे तिला कुणी विचारलंच नाही. कंपनी म्हणाली, तिने मागितली नव्हती. 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कंपनीचं म्हणणं फेटाळलं.

न विचारण्याची चूक मीही केली आहे. दाढी वाढवून आलेल्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर घरी पाठवलं. वस्तरा लागला की त्याचे कुरळे केस कातडीत आत वळायचे, गळाभर फोड यायचे. हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. तो पुन्हा आला नाही. नियमावर बोट ठेवून मी मोकळी झाले होते, एवढंच.

आणि एक गोष्ट, जी सुपरवायझरच्या नजरेतून हमखास सुटते. नियम सैल झाला की आपण खूश होतो, पण ‘गणवेश नको, आपले साधे काळे कपडे घाला’ म्हटलं की खर्च कामगाराच्या अंगावर येतो. नियम पुन्हा आवळला तरी तेच. स्टारबक्सने मे 2025 मध्ये एप्रनखाली फक्त काळा शर्ट असा नियम केला आणि प्रत्येकाला दोन शर्ट फुकट दिले. आठवड्याला पाच शिफ्ट करणाऱ्याने दोन शर्टांत कसं भागवायचं? धुणं रोज होत नाही. काही दुकानांतल्या कामगारांनी काम बंद ठेवलं, ते काही रंगाच्या हौसेपायी नव्हे.

माणसं मिळेनाशी झाली की कंपन्यांना दाढी, वेण्या, टॅटू सगळं चालतं. अर्जांचा ढीग लागला की पुन्हा खुपायला लागतं. म्हणून मिळालेली सवलत लेखी घेऊन ठेव. तोंडी सवलत मॅनेजरबरोबर बदलून जाते.

कालच्या मळक्या शर्टावर आलेल्या त्या दुसऱ्या मुलीबद्दलही लिहिलं आहेस. तिला बाजूला घे, रांगेसमोर नको. कंपनीकडून किती शर्ट मिळालेत, ते आधी विचार.

तुझी,
ताई