कैफियतीत ‘अहस्तांतरणीय’ लिहिलंय, जमीन घ्यावी का?

प्रश्न: आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मिस्टर नुकतेच निवृत्त झाले. वेबसाइटवर देपालपूरकडची दोन बिघे ‘रोड टच’ जमीन पाहिली, जागाही बघून आलो आणि दलालाला यूपीआयनं 51,000 रुपये बयाणा दिला. नंतर मुलानं ऑनलाइन खसरा (जमिनीचा सरकारी उतारा) काढला, तर कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात ‘अहस्तांतरणीय’ लिहिलेलं. दलाल म्हणतो, जुनी नोंद आहे, करारनामा, मुखत्यारनामा आणि मृत्युपत्र करून घेऊ, सगळे असंच करतात. पुण्याचे दीर म्हणतात, शेतकरी नसाल तर शेती घेताच येत नाही. काय करावं?

उत्तर: ताई, दिरांचं म्हणणं महाराष्ट्रापुरतं बरोबर आहे. मध्य प्रदेशात शेतजमीन घ्यायला आधीपासून शेतकरी असण्याची अट नाही. तेवढी काळजी सोडा.

खरी अडचण त्या एका शब्दात आहे, आणि मुलानं तो रकाना वाचला हे फार बरं झालं. बहुतेक लोक खसऱ्यात विकणाऱ्याचं नाव सापडलं की मोबाइल खिशात ठेवतात. ‘अहस्तांतरणीय’ ही नोंद साधारणपणे सरकारी पट्ट्यानं, म्हणजे सरकारनं कुणाला दिलेल्या जमिनीवर असते. पट्टेदार पुढे भूमिस्वामी (जमिनीचा मालक) झाला, बी-1 वर, म्हणजे खातेदाराच्या उताऱ्यावर, त्याचं नाव चढलं, तरी मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 165(7-ख) प्रमाणे कलेक्टरच्या लेखी परवानगीशिवाय त्याला ती विकता येत नाही. विकणारा आदिवासी असेल तर त्याच कलमातले आणखी कडक नियम लागतात, तेही विचारून घ्या. परवानगी न घेता विक्री झाली तर नामांतरण, म्हणजे तुमचं नाव नोंदीत चढणं, तहसिलीत अडकतं, आणि जमीन पुन्हा शासनाच्या नावे चढवण्याची कारवाई होऊ शकते. तेव्हा दलाल कुठेच नसतो.

नोंद चुकूनही पुढे ओढली गेलेली असू शकते, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. पण मग ती दुरुस्त करून घेणं हे विकणाऱ्याचं काम. त्यानं जुने खसरे आणि पट्ट्याचा आदेश काढावा, अर्ज करावा, आणि दुरुस्तीचा किंवा परवानगीचा आदेश तुमच्या हातात ठेवावा. तुम्ही त्याआधी एक पैसाही पुढे सरकवू नका.

दलालाच्या तीन कागदांचंही सांगतो. मुखत्यारनाम्यावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. करारनाम्यानं जमिनीत कोणताही हक्क तयार होत नाही. विक्री करून द्या असं म्हणायचा हक्क फक्त मिळतो, आणि इथे तर समोरच्याला विकण्याचीच मुभा नाही. मृत्युपत्र तर करणारा जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. आज तुमच्या नावे, परवा भाच्याच्या.

आता ‘रोड टच’. एकदा असाच एक नकाशा माझ्या टेबलावर आला होता. शेत आणि रस्ता यांच्यामध्ये पेन्सिलीच्या रेघेएवढी पट्टी, तिला वेगळा सर्वे नंबर. त्याचा खसरा काढला, तर चरनोई. म्हणजे गावाच्या गुरांची जमीन, आणि अशील तीवर फाटक बसवायच्या तयारीत! म्हणून तुमच्या सर्वे नंबरच्या चारी बाजूंचे नंबर नकाशावर पाहा आणि त्यांचे खसरे काढा. पुढे व्यवहार करायचाच झाला तर विकणाऱ्याला आधी तहसिलीतून सीमांकन (हद्दीची मोजणी) करून घ्यायला सांगा. जाहिरातीत बिघे असतात, खसऱ्यात हेक्टर. करारात हेक्टरचाच आकडा लिहा, कारण बिघा सगळीकडे सारखा नसतो. ऑनलाइन दिसणारी प्रत माहितीपुरती धरा, प्रमाणित नकल वेगळी काढून घ्या.

51,000 परत मिळायला हवेत. पैसे यूपीआयनं दिलेत, म्हणजे पुरावा आहे. पण ते दलालाच्या खात्यात गेलेत, मालकाच्या नाही. त्यामुळे दोघांनाही स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. जमीन विक्रीयोग्य आहे असं सांगून पैसे घेतले, नोंद लपवली, अमुक दिवसांत परत करा, एवढा मजकूर पुरे. त्याआधी, आजच, जाहिरातीचे आणि व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्याचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण नोटीस पोचली की जाहिरात नाहीशी होईल. दाद दिली नाही तर दिवाणी दावा आहे, त्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. नोंद माहीत असून लपवली हे दाखवता आलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रारही करता येते. मात्र पोलिसांत जायची धमकी फोनवर देत बसू नका, जायचं तर सरळ जा.

आणि जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, हे लक्षात असू द्या. दलाल ‘बाकीचे कॅश द्या’ म्हणणारच. ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ हेही म्हणेल. येऊ द्या पार्टी.