गोरखचिंच : ना चिंच, ना (बहुतेक) गोरखची

प्रश्न असा होता की राणीच्या बागेत ते हत्तीच्या पायासारख्या खोडाचं झाड आहे ना, बाओबाब, त्याला मराठी शब्द आहे का, आणि गोरखचिंच असेल तर चिंचेचा काय संबंध.

शब्द गोरखचिंचच. जोडून लिहायचा, आणि चिंच स्त्रीलिंगी म्हणून ही पण 'ती', अनेकवचन गोरखचिंचा. चिंचेशी नातं फक्त चवीचं. दुधीसारखं लांबट फळ लोंबतं, फोडलं की आत पांढरा कोरडा पिठूळ गर, तो आंबट, झालं. कुळाने ती काटेसावरीच्या घरातली आहे. आपल्याकडे आंबट लागलं किंवा शेंग आकड्यासारखी वळली की चिंच म्हणून मोकळं व्हायची सवयच आहे, विलायती चिंच बघा, ती मेक्सिकोकडची, पण नावात निदान 'विलायती' आहे. गोरखचिंच आफ्रिकेतून आली तरी तिला कोणी परकी म्हटलं नाही, थेट नाथपंथात घेतलं. गंमत म्हणजे ज्या चिंचेचं नाव हिला दिलं ती चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेचीच!

आता गोरख. गोरखनाथ या झाडाखाली बसून शिष्यांना शिकवायचे म्हणून हे नाव, असं सांगतात. हिंदीत गोरख इमली, गुजरातीत गोरख आमली, म्हणजे ही गोष्ट एकट्या मराठीची नाही. मला ती नावावरून मागाहून रचलेली वाटते, कारण गोरखमुंडीसारख्या वनस्पतींनाही हेच नाव चिकटलंय, आणि त्या बोटभर रोपाखाली कोणी बसणार आहे का.

आफ्रिकेत हिची वेगळी गोष्ट. देवाने प्रत्येक प्राण्याला एकेक झाड लावायला दिलं, तरसाचा नंबर शेवटचा, त्याच्या वाट्याला हे आलं आणि त्याने रागाने उलटं खुपसलं, म्हणून पानं गळली की फांद्या मुळांसारख्या दिसतात. हे ऐकल्यावर मराठी माणसाला गीतेचा पंधरावा अध्याय आठवणारच, 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्', म्हणजे मुळं वर, फांद्या खाली, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर केवढं लिहिलंय, त्यात ज्ञानेश्वर म्हणजे गोरख, गहिनी, निवृत्ती याच परंपरेतले. म्हणजे उलटं झाड, गोरख, ज्ञानेश्वर सगळं जुळतंय!! मीही एकदा या मोहात पडून लोकलमध्ये चर्चगेटपर्यंत मित्राचं डोकं खाल्लंय. पण गीतेतला वृक्ष अश्वत्थ, म्हणजे पिंपळ. जुळतं म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

शास्त्रीय नाव अ‍ॅडनसोनिया डिजिटाटा, फ्रेंच निसर्गअभ्यासक मिशेल अ‍ॅडनसनवरून, त्याने 1749 मध्ये सेनेगलमध्ये हे झाड पाहिलं. डिजिटाटा म्हणजे बोटांसारखी, पान बघा, पंजाच आहे. फुलं बघायची तर पावसाळ्यात संध्याकाळी, पांढरी, उलटी लटकतात आणि वटवाघळं येतात त्यांच्यावर. बाग तोवर बंद होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खाली पडलेलंच मिळेल.