फोर्डचं पदक आणि फोर्डचं साप्ताहिक

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत हेन्री फोर्डवर बोलणार आहे. तयारी करताना, हिटलरच्या सरकारने फोर्डला पदक दिल्याचं वाचनात आलं. हे खरं का? की एका बड्या कारखानदाराचा तो नुसता औपचारिक सत्कार होता?
— एक पालक, सांगली

उत्तर : खरं आहे. ३० जुलै १९३८ रोजी, फोर्डच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, जर्मन वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी त्याला 'जर्मन ईगल'चा ग्रँड क्रॉस हे नाझी सरकारचं पदक बहाल केलं. ते परत करा म्हणून अमेरिकेत ओरड झाली; फोर्ड बधला नाही. पण पदक हे या प्रकरणाचं शेवटचं पान. माझा खरा राग आहे तो त्याच्या साप्ताहिकावर.

डेट्रॉइटजवळच्या आपल्या गावातलं 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' फोर्डने विकत घेतलं आणि मे १९२० पासून सलग ९१ अंकांत जगातल्या हरेक दुखण्याचं खापर ज्यूंवर फोडलं. युद्धं त्यांच्यामुळे, चोरटी दारू त्यांच्यामुळे, बेसबॉल नासला तोही त्यांच्यामुळेच! आधार काय, तर ज्यूंनी जगावर सत्ता मिळवण्याचा कट रचलाय असं भासवणारा 'प्रोटोकॉल' नावाचा दस्तऐवज. तो दुसऱ्याच एका पुस्तकावरून चोरून रचलेला आहे, हे लंडनच्या 'टाइम्स'ने ऑगस्ट १९२१ मध्ये मजकूर ताडून दाखवलं. तरी लेख चालूच राहिले. आणि हे विष घरोघरी पोचवलं कोणी? फोर्डची मॉडेल टी मोटार विकणाऱ्या डीलरांनी. वर्गणीदार मिळवून देण्याची त्यांच्यावर सक्तीच होती.

या लेखांची पुस्तकं झाली, जर्मन भाषांतर झालं. हिटलरच्या म्युनिकमधल्या कार्यालयात फोर्डची तसबीर असल्याची बातमी १९२२ सालीच अमेरिकेत छापून आली होती. नाझींच्या युवक संघटनेचा प्रमुख बाल्डुर फॉन शिराख याने तर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या कोर्टात सांगितलं, की तरुणपणी आपल्यावर निर्णायक परिणाम करणारं ज्यूद्वेष्टं पुस्तक फोर्डचं होतं. व्हिएन्नातल्या ज्यूंच्या हद्दपारीबद्दल याच माणसाला २० वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं पाहता त्या पदकाला औपचारिक सत्कार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फोर्डने १९२७ मध्ये माफी मागितली, असं तुम्हाला कोणी सांगेल. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभारणारे वकील आरन सपीरो यांनी साप्ताहिकातल्या मजकुराबद्दल फोर्डवर बदनामीचा दावा लावला, तेव्हा कुठे ती आली. मजकूर लुई मार्शल या ज्यू पुढाऱ्याने लिहिलेला आणि खाली फोर्डची सही ठोकली ती त्याच्या हाताखालच्या हॅरी बेनेटने. साप्ताहिकात काय छापलं जातं याची आपल्याला कल्पना नव्हती, असं त्यात म्हटलंय. मला ते पटत नाही. मालक, पैसा, वितरण, सगळं त्याचंच होतं.

मुलीने १९१४ सालच्या रोजच्या ५ डॉलर मजुरीबद्दल जरूर बोलावं. कामगारांसाठी ती फार मोठी गोष्ट होती. पण त्याच भाषणात या ९१ अंकांनाही वेळ द्यावा, परीक्षकांनी गुण कापले तरी.