वाचकांचे प्रश्न : टाळूला चिकटलेली भाकर

प्रश्न : पहिल्या कम्युनियनच्या (प्रभूचे शरीर मानलेली भाकर ग्रहण करण्याच्या विधीच्या) तयारीच्या वेळी आम्हांला बजावून सांगितले होते की, पवित्र भाकरीला दात लागता कामा नये. आज साठी उलटली तरी मी ती जिभेवर विरघळण्याची वाट पाहत बसते. माझा नातू मात्र सरळ चावून खातो. त्याला टोकावे का?

उत्तर : टोकू नये. न चावण्याची शिस्त आदरापोटी आली, परंतु चावणे हे पाप आहे असे चर्चने कधी ठरवलेले नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांना ‘घ्या, खा’ असेच सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात प्रभू आपला देह खाण्याविषयी बोलतो, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये काही ठिकाणी जे क्रियापद येते त्याचा अर्थच मुळी चावून खाणे असा आहे. शिवाय पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही आंबवलेल्या पिठाची फुगलेली भाकर वापरतात, आणि तीही प्रभूचेच शरीर मानली जाते. पातळ, बेखमीर चकती रूढ झाल्यामुळेच ती नुसती जिभेवर विरघळू देणे शक्य झाले, हे आपण विसरतो.

तुमची अडचण मला मात्र चांगली ठाऊक आहे. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी ती चकती टाळूला अशी काही घट्ट चिकटली, की बोट घालून सोडवावी तर पाप आणि तशीच ठेवावी तर गुदमरल्यासारखे होते, या पेचात मी पुढची सगळी प्रार्थना जिभेच्या टोकाने ती उकरण्यात घालवली. उपकारस्मरणाचे एक वाक्यही त्या दिवशी मनात आले नाही. नातवाला आदर शिकवायचाच असेल, तर वेदीसमोर ‘आमेन’ म्हणताना त्याचे लक्ष कुठे असते ते पाहावे. दातांवर पहारा ठेवू नये.

प्रश्न : आमची आई कम्युनियनच्या आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊ देत नसे. आता मुले नाश्ता करून मिस्साला, म्हणजे ज्या उपासनेत कम्युनियन देतात तिला, येतात. नियम बदलला, की आम्हीच सैल झालो?

उत्तर : नियम बदलला, आणि तोही टप्प्याटप्प्याने. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे जाहीर केले. १९५७ मध्ये त्यांनीच मध्यरात्रीची अट काढून अन्नासाठी ३ तासांची मर्यादा घातली आणि १९६४ मध्ये सहावे पॉल यांनी ती १ तासावर आणली. १९८३च्या कॅथलिक धर्मविधानातही हाच १ तास कायम आहे. तो मिस्सा सुरू होण्याआधीचा नसून प्रत्यक्ष कम्युनियन घेण्याआधीचा मोजायचा असतो. पाणी आणि औषध यांना मुभा आहे. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर या तासाचेही बंधन नाही. मधुमेह असलेल्या कितीतरी आजी हे माहीत नसल्यामुळे विनाकारण उपाशी राहतात, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

प्रश्न : मी प्रोटेस्टंट, पत्नी कॅथलिक. रविवारी तिच्यासोबत जातो, पण कम्युनियनला सगळा बाक उठतो आणि माझे गुडघे ओलांडून लोक रांगेत जातात. आमचे पाळक प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला प्रभुभोजनाच्या मेजाजवळ बोलावतात. मग इथे मी का जाऊ नये?

उत्तर : कारण या दोन निमंत्रणांमागची समजूत वेगळी आहे. भाकर आणि द्राक्षारस यांचे तत्त्वच पालटून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये ठामपणे मांडले. प्रोटेस्टंटांमध्येही यावर कधी एकवाक्यता नव्हती. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट चळवळीचे दोन नेते समोरासमोर बसले, तेव्हा ल्यूथरने प्रभूचे ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द लॅटिनमध्ये खडूने मेजावर लिहिले आणि तिथून तो हलला नाही. १५ कलमांपैकी १४ वर एकमत झाले. फाटले ते याच मेजावरून. म्हणजे तुमच्या घरातला प्रश्न जवळपास ५०० वर्षांचा आहे.

कॅथलिक चर्च कम्युनियन हे पूर्ण ऐक्याचे चिन्ह मानते. म्हणून मृत्यूचा धोका किंवा तशीच गंभीर निकड असल्याखेरीज, आणि तेव्हाही अटींसह, प्रोटेस्टंट बांधवांना ते देत नाही. त्यामुळे गुपचूप रांगेत मिसळू नका. धर्मगुरू ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात त्याला तुमचे ‘आमेन’ म्हणजे त्या श्रद्धेला दिलेला होकार असतो, आणि तो तोंडदेखला नसावा. बऱ्याच ठिकाणी हात छातीवर आडवे ठेवून पुढे गेल्यास केवळ आशीर्वाद मिळतो. तुमच्या चर्चमध्ये ती रीत आहे का, हे आधी फादरांना विचारा. तेही नको असेल तर बाकाच्या टोकाला बसा, म्हणजे निदान गुडघे वाचतील. यात सल राहतोच, हे मी नाकारत नाही.

प्रश्न : मुलीला सिलिअॅकचा आजार आहे, गहू अजिबात चालत नाही. पुढच्या महिन्यात तिचे पहिले कम्युनियन आहे. तांदळाची भाकर चालेल का?

उत्तर : अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये चालते; कॅथलिक मिस्सात चालत नाही. तिथे भाकर गव्हाचीच हवी, आणि ग्लूटेन (गव्हातले चिकट प्रथिन) पूर्णपणे काढलेली भाकर ग्राह्य नाही, हे व्हॅटिकनने २००३च्या पत्रात पुन्हा स्पष्ट केले. मात्र भाकर म्हणवण्यापुरतेच ग्लूटेन उरलेल्या चकत्या ग्राह्य आहेत. त्या तिला सोसतील का, हे डॉक्टरांनाच विचारावे. तेवढेही सोसत नसेल तर तिने फक्त द्राक्षारसाच्या प्याल्यातून एक घोट घ्यावा. त्याने कम्युनियन अर्धे होत नाही, कारण दोहोंपैकी एकातही संपूर्ण ख्रिस्त आहे, अशी चर्चची शिकवण आहे.

इथे एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. भाकर मोडल्यावर धर्मगुरू तिचा छोटा तुकडा मुख्य प्याल्यात टाकतात, म्हणून तो प्याला तुमच्या मुलीसाठी निर्धोक राहत नाही. तिच्यासाठी वेगळा लहान प्याला वेदीवर ठेवावा लागतो आणि तो तिने सर्वांत आधी घ्यावा. कमी ग्लूटेनच्या चकत्या वापरणार असाल तर त्या झाकणाच्या वेगळ्या डबीत द्या, कारण नेहमीच्या भाकरी हाताळलेल्या बोटांचा चुराही तिला बाधू शकतो. हे सगळे फादरांना तालमीच्या आधीच सांगा, म्हणजे रांगेतला तिचा क्रमही त्याप्रमाणे लावता येईल.