नेतृत्व : श्रद्धेचे की व्यवस्थापनाचे?

प्रश्न : आमची सेवाभावी संस्था श्रद्धेच्या प्रेरणेतून उभी राहिली. संस्थाप्रमुख आपले पद ही ईश्वराने सोपवलेली सेवा मानतात. व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेले नवे विश्वस्त मात्र पदाची मुदत, उद्दिष्टे आणि वार्षिक मूल्यमापन यांचा आग्रह धरतात. आम्ही कोणता मार्ग स्वीकारावा? – एक विश्वस्त

उत्तर : हे दोन्ही पक्ष वाटतात तितके परके नाहीत. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत आज शिकवली जाणारी ‘सेवक-नेतृत्वा’ची, म्हणजे नेता हा आधी सेवक असतो ही, कल्पना १९७० मध्ये मांडणारे रॉबर्ट ग्रीनलीफ हे एका बड्या दूरध्वनी कंपनीत दीर्घकाळ काम केलेले व्यवस्थापक होते आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे अनुयायीही होते.

काम कोणासाठी करायचे, हे श्रद्धा ठामपणे सांगते. चुकीचा निर्णय कोणी आणि कसा रोखायचा, हे व्यावसायिक पद्धत आधीच लिहून ठेवते. ‘मी फक्त ईश्वराला उत्तर देईन’ असे म्हणणाऱ्याची तळमळ खरी असली, तरी त्या वाक्यापुढे सहकाऱ्यांचे तोंड बंद होते. हा धोका धर्मपरंपरांनीही ओळखला होता. ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार, महत्त्वाच्या प्रश्नावर मठप्रमुखाने सर्वांना बोलावून त्यांचे ऐकावे, कारण पुष्कळदा ईश्वर योग्य ते वयाने धाकट्या असलेल्यालाच सुचवतो. अंतिम निर्णय मात्र प्रमुखाचाच. क्वेकरांच्या कामकाजाच्या सभेत तर मतदानच होत नाही; सभेचा कल ओळखून सचिव ठराव लिहितो आणि तो सभेची संमती मिळाल्यावरच कायम होतो. (दोन्ही ठिकाणी पद्धत आहे, हे आपल्या प्रमुखांना आवर्जून सांगावे.)

नव्या विश्वस्तांनाही एक गोष्ट सुनवावी लागेल. मूल्यमापनाच्या तक्त्यात किती रुग्णांना औषधे दिली याचा रकाना असतो, पण मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्रभर बसलेल्या स्वयंसेवकाच्या कामाला रकाना नसतो, आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू करायचेच राहून जाते.

म्हणून ध्येय काय असावे, हा विषय श्रद्धेकडे राहू द्यावा. पैसा, पदाची मुदत आणि तक्रारी यांसाठी मात्र लेखी नियम हवेत, याबाबत मी तडजोड सुचवणार नाही. सुरुवात तक्रारींपासून करावी : प्रमुखांविरुद्धची तक्रार प्रमुखांकडेच न जाता अन्य दोन विश्वस्तांकडे जाईल, असा ठराव पुढच्या बैठकीत स्वतः प्रमुखांनीच मांडावा, अशी त्यांना विनंती करून पाहा.