ट्रकचा हेडलाइट लावला की उजवा इंडिकेटर मंद होतो आणि हेडलाइटही त्याच्यासोबत लुकलुकतो, बिघाड कुठे असेल?

उजव्या बाजूच्या दिव्यांची अर्थ, म्हणजे चासीमार्गे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, बहुधा खराब आहे. बल्ब किंवा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलायची घाई करू नका. हेडलाइट आणि इंडिकेटर बहुधा एकाच अर्थ पॉइंटवर जोडलेले असतात. तिथे गंज चढला की करंटला बॅटरीकडे परतायला नीट वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो आणि दोन्ही दिवे एकमेकांच्या तालावर नाचतात. खात्री करायला दिवे चालू ठेवा, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन दिव्याच्या अर्थ वायरला टेकवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष तिथेच. बोल्ट काढून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि चासीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. दिवा मंद आहे म्हणून जास्त वॅटचा बल्ब मात्र कृपया टाकू नका, त्याने होल्डर वितळतो. इंडिकेटर मंद न होता नुसताच भरभर मारत असेल तर गोष्ट वेगळी: त्या बाजूचा एखादा बल्ब उडालेला असतो, किंवा कोणीतरी एलईडी बसवलेला असतो. आणि मोठ्या ट्रकची वायरिंग सहसा २४ व्होल्टची असते, तशी असेल तर नवा बल्ब घेताना २४ व्होल्टचाच मागा, कारमधला १२ व्होल्टचा लगेच उडेल.