वाचकांचे प्रश्न : जुनी पोर्शे की नवी ऑडी?

प्रश्न : माझा पुतण्या श्टुटगार्टला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना त्याची नवी ऑडी आरएस ६ अवांत आणि त्याच्या मित्राची १९८५ सालची पोर्शे ९११ कॅरेरा, अशा दोन्ही गाड्या ब्लॅक फॉरेस्टच्या घाटात चालवून पाहण्याचा योग आला. कागदावर ऑडी कितीतरी वेगवान असूनही मला पोर्शेच जोरात पळते आहे असे वाटत राहिले. हा केवळ आवाजाचा परिणाम आहे का? आणि दोहोंपैकी एकच घ्यायची झाली, तर आपण कोणती घ्याल?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आवाजाचा वाटा आहेच. पोर्शेचे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते आणि ते हवेने थंड होत असल्यामुळे त्याचा खडखडाट दाबायला भोवती पाण्याचे आवरण नसते. परंतु मुख्य कारण वजनाचे आहे. आपण चालवलेली ३.२ लिटरची कॅरेरा २३१ अश्वशक्तीची आणि जेमतेम १,१६० किलोची, तर आरएस ६ चार लिटरच्या दोन टर्बोंच्या व्ही-८ इंजिनाची, ६०० अश्वशक्तीची आणि २,०७५ किलोची. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला पहिलीला सुमारे सहा सेकंद लागतात, दुसरीला ३.६, म्हणजे सरळ रस्त्यावर तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही.

घाटात मात्र चित्र पालटते. कॅरेराला पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही आणि पुढचे टायर साधारणपणे १८५ मिलिमीटर रुंदीचे, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक उंचसखलपणा थेट तळहाताला कळतो. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर भार पुढे सरकतो, मागच्या चाकांची पकड सैल होते आणि इंजिनाच्या वजनामुळे शेपूट बाहेर फेकली जाऊ लागते. साहजिकच चालक साठच्या वेगातही पूर्ण जागा राहतो. आरएस ६ मध्ये चारही चाकांना मिळणारी ताकद आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हा सगळा भार परस्पर सांभाळतात, आणि तिची खरी परीक्षा ज्या वेगाला सुरू होते तो वेग घाटात करणे ना कायद्याला धरून आहे, ना शहाणपणाला.

गंमत म्हणजे या दोन गाड्या परक्या नाहीत. ऑडीच्या वेगवान गाड्यांच्या आरएस मालिकेतली पहिली गाडी, १९९४ ची आरएस २ अवांत, हीदेखील आरएस ६ सारखीच वॅगन, म्हणजे मागे सामानासाठी लांब डिकी असलेली गाडी होती आणि तिची बांधणी श्टुटगार्टच्याच त्सुफेनहाउझेन भागात पोर्शेच्या कारखान्यात झाली.

निवडीचे म्हणाल, तर कुटुंब आणि ५६५ लिटरची डिकी भरून सामान घेऊन रोज फिरणाऱ्या आपल्या पुतण्याची निवड योग्यच आहे. मी मात्र कॅरेरा घेईन, तीही शक्यतो १९८७ किंवा त्यानंतरची, कारण त्या वर्षापासून तिला जी-५० हा अधिक सुलभ गिअरबॉक्स मिळाला. अर्थात ती जर्मनीतच ठेवावी लागेल. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात सहसा आणता येत नाही आणि विंटेज म्हणून नोंदणी करायला ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

पुतण्याच्या मित्राला एवढे अवश्य सांगा, की तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन तापलेले आणि चालू असतानाच पाहावी. थंड इंजिनात डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, कोरडी दिसू शकते, आणि मग पुरेसे तेल असतानाही माणूस वरून आणखी ओतून बसतो.